न्यूयॉर्कच्या शिक्षक संघटनेतील सत्ताधारी आणि विखुरलेले विरोधक

न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांच्या शिक्षकांची संघटना म्हणजे युनायटेड फेडरेशन ऑफ टीचर्स. सभासद सुमारे दोन लाख. त्यात निवृत्त शिक्षकही आले आणि त्यांनाही मताचा अधिकार आहे. मे २०२५ मध्ये या संघटनेची निवडणूक झाली आणि गेली साठ वर्षे जे होत आले तेच पुन्हा झाले. युनिटी कॉकस या सत्ताधारी गटाचे मायकेल मलग्रू अध्यक्षपदी परत निवडून आले. कॉकस म्हणजे आपल्याकडे पतसंस्थेच्या किंवा शिक्षक बँकेच्या निवडणुकीत ज्याला पॅनेल म्हणतात ते. फरक एवढाच की आपल्याकडचे पॅनेल निवडणुकीपुरते जमते आणि हे कॉकस बारमाही चालते.

१९६४ साली अल्बर्ट शँकर अध्यक्ष झाले. त्यांच्यानंतर सँड्रा फेल्डमन, मग रँडी वाइनगार्टन आणि २००९ पासून मलग्रू. साठ वर्षांत चार माणसे आणि चौघेही एकाच गटाचे. गादी कशी सोपवली जाते तेही पाहण्यासारखे आहे. जुना अध्यक्ष मुदत संपण्याआधीच बाजूला होतो, कार्यकारिणी वारसाला खुर्चीत बसवते आणि पुढच्या निवडणुकीला तो वारस विद्यमान अध्यक्ष म्हणून उभा राहतो. वाइनगार्टन अशाच आल्या, मलग्रूही असेच आले. लोकशाही देशातल्या लोकशाही संघटनेत युवराजपद कसे चालते, असे कोणी विचारले तर उत्तर तयार असते : रीतसर मतदान होते की!

मग या वेळी वेगळे काय घडले? आकडे पाहा. २०२२ साली मलग्रूंना ६६ टक्के मते होती. २०२५ मध्ये ती ५४ टक्क्यांवर आली. ए बेटर कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एबीसी, या नव्या पॅनेलला ३२ टक्के आणि अराइज या आघाडीला १४ टक्के मते पडली. विरोधकांची बेरीज ४६. आणि ज्यांनी मतपत्रिका परतच पाठवली नाही त्यांची संख्या मत देणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी.

आमचा वाचक विचारील, सातासमुद्रापलीकडच्या मास्तरांच्या निवडणुकीशी आपल्याला काय देणेघेणे? १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब या शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकले, ही आठवण आम्हाला प्रिय आहे. पण तेवढ्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मुद्दा असा आहे की या संघटनेची सत्ता ज्या संपातून पक्की झाली तो संप कृष्णवर्णीय पालकांच्या विरोधात होता, आणि तिथल्या विरोधकांमध्ये आजही जो वाद चालू आहे तोच वाद इथल्या कामगार चळवळीत बाबासाहेबांना घालावा लागला होता.

१९६७ साली ब्रुकलिनमधील ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या वस्तीत शाळांचा कारभार स्थानिक मंडळाकडे देण्याचा प्रयोग सुरू झाला. वस्ती काळ्या आणि पोर्तो रिकन लोकांची. शाळेतले शिक्षक मात्र बहुतांश गोरे, त्यात ज्यू मोठ्या संख्येने. आपली मुले वर्षानुवर्षे नापास का होतात, हा पालकांचा सवाल होता आणि शाळेत कोण शिकवणार हे ठरवण्यात आपला हात हवा, ही मागणी होती. मे १९६८ मध्ये या मंडळाने १९ शिक्षक-अधिकाऱ्यांना वस्तीतून बदलून टाकले. संघटनेने म्हटले, चौकशीशिवाय, आरोप सिद्ध न करता माणसाला हटवता येणार नाही. त्या शरद ऋतूत शहरभर संप झाला. मधली खंडं वगळून शाळेचे ३६ दिवस. दहा लाखांवर मुले घरी बसली.

नोकरीचे संरक्षण ही शिक्षकांची मागणी खोटी नव्हती, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करू. चौकशीविना काढून टाकण्याचा अधिकार आज एका मंडळाला दिला तर उद्या तो कोणाच्या मानेवर पडेल सांगता येत नाही. आमच्या समाजातल्या शिक्षकांना हे कोणी शिकवायची गरज नाही. त्या वादात ज्यूद्वेषाची घाणेरडी पत्रकेही फिरली, तेही नाकारण्यात अर्थ नाही. आणि शँकर काही काळ्यांचे उघड वैरी नव्हते. नागरी हक्कांच्या चळवळीला त्यांचा पाठिंबा होता. पण संपाचा शेवट काय झाला? शिक्षक जिंकले, स्थानिक मंडळाचा प्रयोग मोडला आणि काळ्या वस्तीच्या मनात एक गोष्ट कायमची बसली की ही संघटना आपल्या मुलांची नाही. संघटनेतले अनेक काळे शिक्षक तो संप मोडून शाळेत गेले. संपाला विरोध करणाऱ्या शिक्षकांमधूनच पुढे टीचर्स अॅक्शन कॉकस हा विरोधी गट उभा राहिला. म्हणजे या संघटनेतल्या विरोधी राजकारणाची एक मोठी मुळी पगाराच्या भांडणात नसून वंशाच्या प्रश्नात रुजलेली आहे.

सत्ताधाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९६९-७० मध्ये वर्गात शिक्षकाच्या हाताखाली काम करणाऱ्या सहायकांना याच संघटनेने आपल्यात घेतले. त्यात बहुसंख्य गरीब काळ्या आणि पोर्तो रिकन बाया होत्या. त्यांना संघटित करणारी व्हेल्मा हिल ही कृष्णवर्णीय स्त्री होती. त्यांना पहिला करार मिळाला. असे असले तरी आजही पगाराच्या उतरंडीत सर्वांत खाली याच सहायक आहेत.

आता या गटाची पकड इतकी घट्ट कशी, ते पाहू. यातला एक प्रसंग आमच्या वाचकाने नीट वाचावा.

संघटनेत प्राथमिक, माध्यमिक, हायस्कूल अशा विभागांचे उपाध्यक्ष असतात. पूर्वी हायस्कूलचा उपाध्यक्ष हायस्कूलचे शिक्षक निवडत. १९८५ साली हायस्कूलच्या शिक्षकांनी सत्ताधाऱ्यांचा उमेदवार पाडून विरोधी गटाचे मायकेल शुलमन यांना निवडून दिले. सत्ताधाऱ्यांनी निकाल मानला नाही, निवडणूक पुन्हा घेतली गेली, तरी शुलमनच आले. पुढे १९९४ मध्ये नियम बदलला. हायस्कूलचा उपाध्यक्ष आता सगळे सभासद मिळून निवडणार. प्राथमिकचे शिक्षक, निवृत्त मंडळी, सारे मिळून. झाले! हायस्कूलचे शिक्षक कोणालाही मत देवोत, त्यांचा प्रतिनिधी दुसऱ्यांच्या मतांनी ठरणार.

हे वाचून आम्हाला पुणे करार आठवला नसता तरच नवल. १९३२ साली आमच्याकडून स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतले गेले आणि राखीव जागा संयुक्त मतदारसंघात आल्या. जागा आमच्या, उमेदवार आमच्यातला, मते मात्र त्यांची. त्यातून कोणत्या प्रकारचा प्रतिनिधी निपजतो हे बाबासाहेबांनी वेळोवेळी सांगितले आणि कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, कांशीराम साहेबांनी त्यावर अख्खे पुस्तक लिहून त्या युगाला चमचायुग हे नाव दिले. हायस्कूलच्या शिक्षकांचे दुःख आणि अस्पृश्यांचे दुःख एका तराजूत तोलण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. पण यंत्र एकच आहे. बंडखोर भाग ओळखायचा आणि त्याचे मत मोठ्या मतदारसंघात विरघळवून टाकायचे.

याला जोडून आणखी दोन खिळे आहेत. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या अधिवेशनांना न्यूयॉर्कमधून शेकडो प्रतिनिधी जातात. ते मतांच्या प्रमाणात जात नाहीत. जिंकणारा सगळेच्या सगळे नेतो. म्हणजे ४६ टक्के मते घेणाऱ्या विरोधकांचा तिथे आवाज शून्य. दुसरा खिळा म्हणजे युनिटी कॉकसचे सभासदत्व. आत येणाऱ्याने कॉकसचा निर्णय बाहेर आणि संघटनेच्या सभांत उचलून धरायचा, असा करार असतो. चर्चा करायची तर बंद दाराआड. संघटनेतल्या पगारी जागा आणि अधिवेशनाच्या वाऱ्या या गटाच्या हातात. एवढे झाल्यावर शाळाशाळांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा कशी चालत असेल, हे ज्याने जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा पाहिली आहे त्याला समजावून सांगायला नको.

तरीही भिंतीला तडे जातात. जून २०२४ मध्ये गेला तो तडा निवृत्तांच्या विभागात. निवृत्त शिक्षक ही सत्ताधाऱ्यांची हक्काची मतपेढी मानली जाई. पण शहराच्या पैशाची बचत करण्यासाठी निवृत्तांचा सरकारी आरोग्य विमा बदलून त्यांना खासगी कंपनीच्या योजनेत ढकलण्याचा घाट घातला गेला आणि संघटनेच्या नेतृत्वाने त्याला साथ दिली. म्हातारी माणसे चिडली. रिटायरी अॅडव्होकेट या विरोधी गटाने सुमारे ६३ टक्के मते घेऊन तो विभाग जिंकला. त्याच महिन्यात मलग्रूंनी त्या योजनेला दिलेला पाठिंबा काढून घेतला. ज्या मागणीसाठी अर्ज, मोर्चे आणि कोर्टकज्जे चालले होते ती एका मतमोजणीने पुढे सरकली.

एवढा धक्का बसल्यावर २०२५ मध्ये एकच विरोधी पॅनेल उभे राहील असे वाटत होते. झाली दोन. अराइजमध्ये मोर, न्यू अॅक्शन आणि निवृत्तांचा हा गट होता. यातला मोर हा २०१२ साली स्थापन झालेला, वंशभेद आणि सामाजिक न्यायाचा प्रश्न संघटनेने उचलावा असे सांगणारा गट. एबीसीच्या अध्यक्षपदाच्या उमेदवार एमी अरुंडेल या कालपरवापर्यंत युनिटीच्याच पदाधिकारी. त्यांचे म्हणणे असे की पगार, आरोग्य विमा, करार या गोष्टींवर बोला, बाकीच्या राजकारणाने सभासद दुभंगतात. २०१६ आणि २०२२ मध्ये विरोधी गट एकत्र लढले तेव्हा कार्यकारिणीच्या निदान हायस्कूलच्या सात जागा तरी त्यांनी काढल्या होत्या. यावेळी एकमेकांची मते खाण्यातच बराच वेळ गेला.

निव्वळ बेरजेने सांगायचे तर एकत्र लढूनही ४६ टक्क्यांनी ५४ टक्क्यांना हरवता आले नसते. हे विरोधकांनी लपवू नये. पण जे घरी बसले, ज्यांनी मतपत्रिका फाडून टाकली, ते कोणासाठी बाहेर आले असते? आमच्या मते खरा वाद इथे आहे.

आधी पोटाचा प्रश्न सोडवू, वंशाचा नंतर बघू. पोटाने सगळे एक होतात, वंशाने फुटतात, असे एबीसीकडे झुकणाऱ्यांचे म्हणणे. हे आम्ही फार वेळा ऐकले आहे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी मुंबईच्या कामगार पुढाऱ्यांनी हेच सांगितले होते. तेव्हा कापड गिरण्यांच्या विणाई खात्यात, जिथे पगार चांगला, तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर तुटलेला धागा तोंडाच्या थुंकीने ओला करून जोडावा लागे आणि विटाळ होई. बाबासाहेबांनी विचारले, कामगारांच्या एकजुटीची भाषा करता, मग विणाई खात्याची दारे उघडा ही मागणी तुमच्या यादीत का नाही? दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. दोन सांगितले, पहिला संपल्यावर दुसरा असा क्रम लावला नाही. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध मुंबईत जो संप झाला त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. विणाई खात्याचा प्रश्न विचारल्याने एकजूट मोडली नव्हती.

अमेरिकेतच याचे दुसरे उदाहरण आहे, शिकागोचे.

शिकागोतही एक जुने प्रस्थ होते. युनायटेड प्रोग्रेसिव्ह कॉकस. सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून २०१० पर्यंत, मधली २००१ ते २००४ ही तीन वर्षे सोडली तर, शिकागो टीचर्स युनियन त्यांच्याच ताब्यात. गंमत अशी की हे प्रस्थ न्यूयॉर्कसारखे गोऱ्यांचे नव्हते. १९८४ पासून दहा वर्षे जॅकलिन व्हॉन ही काळी स्त्री अध्यक्ष होती. त्याआधीचा इतिहास मात्र ओळखीचा वाटेल. साठच्या दशकात शिकागोत हजारो काळ्या शिक्षकांना कायम न करता पूर्णवेळ बदली शिक्षक म्हणून राबवले जाई. काम तेच, तास तेच, वर्ग तोच. कायम होण्यासाठीच्या तोंडी परीक्षेत मात्र त्यांना पाडले जाई. उच्चार बरोबर नाहीत, बोलण्याची ढब बरोबर नाही. मुलाखतीत गुण कापण्याची कला फक्त इथल्याच निवड समित्यांना अवगत आहे, असा आमच्यातल्या कोणाचा समज असेल तर तो दूर व्हावा. १९६८ मध्ये या शिक्षकांनी संघटनेची परवानगी न घेता संप केले, तेव्हा कुठे त्यांच्या कायम होण्याचा प्रश्न हलला.

नंतर २००४ पासून शिकागोच्या महापौरांनी शाळा बंद करून खासगी चालकांना जागा मोकळी करून देण्याचा सपाटा लावला. बंद होणाऱ्या शाळा बहुतेक काळ्या वस्त्यांतल्या. त्यात शिकवणारे शिक्षकही काळे. २००० साली शिकागोच्या शिक्षकांत काळे सुमारे ४० टक्के होते. दहा वर्षांत ते ३० टक्क्यांच्या आसपास आले. काळ्या अध्यक्षांची परंपरा सांगणारे सत्ताधारी यावर काय करत होते? जवळजवळ काहीच नाही. प्रतिनिधित्व आणि बाजू घेणे यांत किती अंतर असते ते यावरून दिसते. आपल्या राखीव मतदारसंघांतही ते रोज दिसते.

२००८ मध्ये काही शिक्षकांनी कोअर नावाचा गट काढला. त्यांनी आधी निवडणुकीचे पॅनेल बनवले नाही. ते शाळाबंदीच्या जनसुनावण्यांना जाऊ लागले. पालकांच्या शेजारी बसले, वस्तीतल्या संघटनांबरोबर काम केले, काळ्या शिक्षकांना निवडून निवडून बाहेर काढले जात असल्याची तक्रार नोंदवली. दोन वर्षे हे चालले. मे २०१० च्या निवडणुकीत पाच पॅनेल होती. पहिल्या फेरीत सत्ताधारी आणि कोअर यांच्यात एखाद्या टक्क्याचाच फरक. कोणालाच बहुमत नसल्याने जूनमध्ये पहिल्या दोघांत दुसरी फेरी झाली, बाकीचे विरोधी गट कोअरच्या मागे आले आणि कोअर सुमारे ६० टक्के मतांनी जिंकली. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कॅरेन लुईस अध्यक्ष झाल्या. पदाधिकाऱ्यांचे फुगलेले पगार त्यांनी कापून शिक्षकांच्या पगाराशी बांधले. हे एक काम केले असते तरी आम्ही त्यांना मानले असते.

पुढे २०११ मध्ये राज्याने कायदा केला की शिकागोच्या शिक्षकांना संपासाठी सर्व सभासदांच्या ७५ टक्के मतांची गरज राहील. एवढी मते कधीच पडणार नाहीत, अशी कायदा करणाऱ्यांची खात्री होती. २०१२ मध्ये सुमारे ९० टक्के सभासदांनी संपाच्या बाजूने मत दिले. सप्टेंबरमध्ये शाळेचे सात दिवस संप झाला आणि शहरातले पालक मोठ्या संख्येने शिक्षकांच्या बाजूने उभे राहिले. १९६८ च्या न्यूयॉर्कशी हे ताडून पाहा. तिथे ३६ दिवस शिक्षक आणि पालक समोरासमोर, इथे एका बाजूला. शाळाबंदी मात्र थांबली नाही. मे २०१३ मध्ये एका फटक्यात पन्नास शाळा बंद करण्याचा ठराव झाला आणि त्यातली बहुतांश मुले काळी होती. काढून टाकलेल्या काळ्या शिक्षकांच्या वतीने संघटनेने लढवलेल्या खटल्यात पुढे सुमारे ९२ लाख ५० हजार डॉलरची तडजोड झाली. गेलेल्या शाळा परत आल्या नाहीत.

आता कोअरही जुनी झाली. २०२३ मध्ये संघटनेचेच कार्यकर्ते ब्रँडन जॉन्सन शिकागोचे महापौर झाले. कालचा संपकरी आज शिक्षकांच्या मालकाच्या जागी बसला. २०२४ मध्ये काही सभासद संघटनेच्या हिशेबतपासणीचे अहवाल मागत कोर्टात गेले. त्यांच्या मागे संघटनाविरोधी वकिलांची संस्था आहे हे खरे, पण हिशेब मागणारा कोण आहे यावरून हिशेब द्यायचा की नाही हे ठरत नसते. मे २०२५ मध्ये अध्यक्ष स्टेसी डेव्हिस गेट्स यांना आव्हान देणारे रिअल हे पॅनेल हरले, कोअरला जवळपास दोन तृतीयांश मते मिळाली. पंधरा वर्षे सत्ता हातात ठेवणाऱ्या बंडखोरांना आता बंडखोर म्हणायचे का, हा प्रश्न शिकागोच्या शिक्षकांनी स्वतःला विचारलेला बरा.

आणि आपल्याकडे? २००० साली शिक्षणसेवक नावाची जात निर्माण झाली. प्राथमिकला महिना ३ हजार, माध्यमिकला ४ हजार. कायम शिक्षकाच्या शेजारच्या वर्गात, त्याच्याइतकेच तास. हे मानधन वाढून १६ आणि १८ हजार व्हायला २०२३ साल उजाडले. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर कर्मचारी संपावर गेले, शाळा ओस पडल्या. ती मागणी योग्यच होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे सरकारने ठरवले. या शाळा कुठे आहेत? वाडीवर, तांड्यावर, पाड्यावर. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात पाड्यावरच्या प्राथमिक शिक्षकाला मत नाही, तिथे माध्यमिकपासून वरच्यांनाच मत आहे. मग त्या मतदारसंघातून निवडून येणारे आमदार तांड्यावरच्या शाळेसाठी किती जोराने बोलणार?

न्यूयॉर्कची पुढची निवडणूक २०२८ मध्ये येईल. हायस्कूलचा उपाध्यक्ष सर्वांच्या मतांनी निवडण्याचा १९९४ चा नियम २०२५ मध्येही तसाच होता. विरोधकांच्या दोन आघाड्यांमध्ये एकीच्या बैठका होतील, जागावाटपही होईल. ब्राउन्सव्हिलमधल्या पालकांबरोबर त्यांची बैठक होते का, इकडे आमचे लक्ष राहील.